न घडलेल्या अपघाताचा अहवाल

रेल्वेत लागले तेव्हा अपघात म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे असं मला वाटायचं. प्रशिक्षणात हाती आलेल्या जाड पुस्तकात मात्र त्याचे कितीतरी प्रकार होते. गाडी घसरणं होतंच, पण रुळावर जनावर येणं, चाकाचा आस तापणं, गाडी लाल सिग्नल ओलांडून जाणं, हेही लेखी कळवायचं. कुणाला खरचटलं नसलं तरी कळवायचं. जे घडलंच नाही त्याचा अहवाल कशाला, हे मला कळेना. मी तसं विचारलंही होतं, आणि शिकवणारे सर म्हणाले होते, नोकरीत कळेल.

ते कळलं परळीच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात. तिथे मी स्टेशन मास्तर होते. एका दुपारी कोळशाची मालगाडी परळीच्या वीजकेंद्राकडे चालली होती. ती माझ्याकडे थांबणार नव्हती. अशा वेळी आम्ही फलाटावर उभं राहून पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी न्याहाळायची आणि सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा दाखवायचा. गाडी गेली, मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. पाच-सात मिनिटांत वॉकीटॉकीवर गार्डचा आवाज आला. गाडी थांबवली होती. टेकडीपलीकडच्या वळणावर एक बाई तांबडं फडकं हलवत होती, म्हणून त्याने बाहेर वाकून पाहिलं, तर मधल्या एका वॅगनच्या चाकातून धूर निघत होता.

मी लगेच कंट्रोलला, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कचेरीला, फोन लावला. परळीहून मिस्त्री आले, तो डबा गाडीपासून सोडवून बाजूला काढला, संध्याकाळी लाइन मोकळी झाली. आणखी थोडं अंतर गाडी चालली असती तर आस मोडला असता, असं मिस्त्री म्हणाला.

मग अहवालाची पाळी आली. वेळ मिनिटापर्यंत, जागा किलोमीटरपर्यंत, हवा कशी होती, प्रथम कुणाच्या लक्षात आलं, सगळं लिहायचं होतं. लाइनवरच्या कामगारांनी त्या बाईला स्टेशनात आणलं. पन्नाशीची धनगर बाई, काटक, पायात टायरच्या चपला. भाकरी बांधलेलं फडकं सोडून तिने ते हलवलं होतं. भाकरी तिथेच टेकडीवर राहिली म्हणून ती हळहळत होती. गाडी पुलापाशी असताना धूर दिसला, असं तिने सांगितलं. मी स्टेशनच्या पुढचा पूल लिहिला. किती वाजले होते, असं विचारलं तर म्हणाली, शेरडं पाणी पिऊन सावलीला बसली होती.

हे वेळेच्या रकान्यात कसं बसवायचं? मला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. मी घड्याळ घेऊन तिच्याबरोबर टेकडीवर गेले. शेळ्या पाण्यावर कधी आल्या, सावलीला कधी टेकल्या, ते टिपून घेतलं. मग ती एका दगडाशी थांबली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, “हितं उभी व्हते. गाडी त्या पुलावर लई हळू चालली व्हती, तवा धूर दिसला.”

तो पुढचा पूल नव्हता. तो स्टेशनच्या अलीकडचा, मागचा पूल होता. तिथे दुरुस्ती चालू असल्याने गाड्या हळू जात. पुढे लाइन टेकडीला वळसा घालते, वळशाच्या मध्यावर माझं स्टेशन. ती धूर पाहून सरळ दुसऱ्या उतारावरून पळाली, म्हणून गाडीचं शेवटचं टोक तिला गाठता आलं.

म्हणजे धूर निघणारा डबा माझ्यासमोरून गेला होता. गाडी आली तेव्हा मी आत फोनवर होते, घरून आलेल्या. बाहेर आले तोवर निम्म्याहून जास्त डबे निघून गेले होते. उरलेले बघून मी झेंडा दाखवला आणि रजिस्टरमध्ये ‘सर्व ठीक’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

“काय झालं, बाई?” तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग मी म्हनते, पुढचाच पूल व्हता. मला काय कळतंय पुलाचं.”

मी दगडावर बसले. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण तो आस कधीपासून तापत होता हे शोधायचं तर पूल खरा हवा होता, आणि मीच तो खोटा लिहिला तर शोधणार कोण? मी म्हटलं, “मावशी, तुम्ही पाहिलं तेच सांगा.”

त्याच संध्याकाळी मी पुरवणी जबाब लिहून पाठवला. चौकशीला तीन अधिकारी आले. त्यांनी तिला खुर्ची दिली, तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मग सही घेतली. ती सही करते हे पाहून त्यातला एक जण चकित झाला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले, असं तिने त्याला सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि पुन्हा प्रशिक्षणाला जावं लागलं. मागच्या दोन स्टेशनांतल्या नोंदीही तपासल्या, तेव्हा तापलेल्या आसाची गाडी तिथूनही कुणाच्या लक्षात न येता गेली असावी असं दिसलं. एकटी मीच चुकले नव्हते, पण त्याने मला फारसं बरं वाटलं नाही.

चौकशी संपल्यावर मी तिला चहा दिला. तेव्हा तिने सहज सांगितलं, की मागं एकदा तिने असाच धूर पाहिला होता.

“मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“कुनाला सांगायचं असतं त्येच म्हाईत नव्हतं.”

यावर मी बराच विचार केला. आमच्या पुस्तकात ड्रायव्हरने, गार्डने, गेटमनने कुणाला कळवायचं ते पानोपानी आहे. रुळाशेजारी दिवसभर शेळ्या चारणाऱ्या बाईने काय करायचं, ते मला कुठे सापडलं नाही. मी वर तसं लिहून पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन मात्र मी स्टेशनचा नंबर देऊन आले. आता तिचा फोन येतो. बहुतेक वेळा काही नसतं. परवा तिने कळवलं, की एका वॅगनचं दार उघडं लटकतंय. मी वेळ, किलोमीटर आणि हवा कशी आहे ते टिपून घेतलं आणि कंट्रोलला फोन लावला.