जनार्दनची साक्ष

मस्कतमध्ये वाडी कबीरला गॅरेजांच्या ओळीत एक छोटं कँटीन आहे. तिथली सुरमईची कढी जेवून कुणी नवा माणूस हात धुवायला उठला, की शेजारचा हमखास त्याला सांगतो, "ही ज्यानं रांधली ना, त्यानं अमेरिकेतलं इलेक्शन पाडलंय." नवा माणूस हसतो. शेगडीपुढचा जनार्दन पाष्टे हसत नाही, मुकाट कांदा चिरत राहतो. ही थाप अर्धी खरी आहे. अर्धी खोटी आहे, पण ती खोटी का, हे सांगायची जनार्दनला सोय नाही.

जनार्दन संगमेश्वराकडचा. एकविसाव्या वर्षी मस्कतला आला, आता बावन्नचा आहे. एवढ्या आयुष्यात त्यानं एकदाही मत दिलेलं नाही. गावाकडे निवडणूक लागली की हा इथे, आणि हा रजेवर गेला की तिकडे निवडणूक नसते. यादीतून नाव कधी उडालं तेही कुणी कळवलं नाही. भाऊ फोनवर शाई लावलेल्या बोटाचे फोटो पाठवायचा. जनार्दन ते मोठे करून बघायचा आणि "छान" म्हणायचा. मनातून त्याला फार वाईट वाटायचं, पण अशा गोष्टीचं वाईट वाटतं हे कुणाला सांगणार?

अशा माणसाच्या कपाळी अमेरिकेची निवडणूक आली ती मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका व्हिलात. तिथे तो अकरा वर्षं स्वयंपाकी होता. साहेब तेलाच्या कामातले इंजिनियर, मॅडम शाळेत शिकवायच्या. दोघं अमेरिकन, आणि माणसं भली. जनार्दनच्या मुलीच्या लग्नात मॅडम गावच्या मांडवात पाटावर बसून जेवल्या होत्या. घरात आवाज चढलेला त्यानं अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मॅडमची धाकटी बहीण तिकडे त्यांच्या काउंटीच्या बोर्डाला उभी राहिली. आपल्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी असावं, असं जनार्दननं ताडलं. बहिणीचं पत्रक महिनाभर फ्रिजवर चिकटवलेलं होतं. दूध काढताना, दही ठेवताना तिचं नाव डोळ्यांखालून जाऊन जाऊन त्याला त्याची अक्षरं पाठ झाली. पत्रकाच्या कोपऱ्यात गाढव होतं. जनार्दनला वाटलं, विरोधकांनी केलेली ही चेष्टा आहे. मॅडमनी सांगितलं, तेच पक्षाचं चिन्ह, आणि समोरच्यांचा हत्ती.

"म्हणजे ह्येंनी सोताहून गाढव घेतलं?" शेजारच्या व्हिलाचा ड्रायव्हर रशीद, रत्नागिरीचा, जनार्दनकडून ते ऐकून पोट धरधरून हसला. "आपल्याकडं तर धिंड काढायला त्यावर बसवतात, जनाभाऊ!"

बहिणीच्या मागे शिक्षकांची संघटना उभी होती, कारण ती शाळांसाठी घरपट्टी वाढवा म्हणत होती. समोरच्या माणसामागे करदात्यांची संघटना होती, तिचं म्हणणं एक पैसा वाढवाल तर याद राखा. दोन्हींकडून साहेबांच्या ईमेलवर पत्रांचा मारा चालू असायचा. मॅडम जेवताना म्हणायच्या, "आपली दोन मतं पक्की." साहेब मान डोलवायचे. त्यांचे वडील म्हणे युनियनचे पुढारी होते. त्या घरानं चार पिढ्यांत गाढव सोडलं नव्हतं.

मतपत्रिका ईमेलनं आली आणि घरच्याच प्रिंटरमधून बाहेर पडली, तेव्हा जनार्दनचे डोळे पांढरे झाले. मत, आणि घरात बसून? ज्या टेबलावर त्यानं सकाळी वाटाणे सोलले, त्याच टेबलावर? ना पोलीस, ना रांग, ना पडदा. आणि यादी तरी केवढी! राज्याचा प्रमुख, न्यायाधीश, पोलीसप्रमुख, इतकंच काय, माणूस कशानं मेला हे ठरवणारा अधिकारीसुद्धा मतं घेऊन निवडायचा. "तो काय आश्वासन देत आसंल?" त्यानं रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता रशीदला विचारलं होतं.

त्यांच्या राज्याचा एक नियम होता. टपालानं मत देणाऱ्याला पाकिटावर साक्षीदाराची सही लागते, आणि मतदार परदेशात असेल तर साक्षीदार कुठल्याही देशाचा चालतो. नवराबायकोनं एकमेकांची साक्ष द्यावी हे मॅडमना पटेना. त्यांनी जनार्दनला हाक मारली.

"मी? मॅडम, आय इंडियन."

"चालतं, जनार्दन. तुझ्यापेक्षा विश्वासाचं दुसरं कोण आहे?"

त्यांनी पाकिटावरचा मजकूर त्याला सावकाश समजावून सांगितला. या मतदारानं माझ्यासमोर मत दिलं, ते गुप्तपणे दिलं, आणि ते कुणाला दिलं हे मला दिसलं नाही, असं मी शपथेवर सांगतो. जनार्दनचा ऊर भरून आला. त्यानं आत जाऊन हात धुतले, केस सारखे केले, धुतलेला शर्ट घातला आणि टेबलाच्या टोकाला ताठ बसला.

मॅडमनी परीक्षेतल्या मुलीसारखा डाव्या हाताचा आडोसा करून नावांपुढचे गोल रंगवले. साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी चहा मागितला. जनार्दन कप घेऊन गेला, वाकून तो ठेवला, आणि त्याच क्षणी साहेबांचं पेन चाललं. फ्रिजवरचं पाठ झालेलं नाव वर तसंच कोरं राहिलं. पेननं त्याच्या खालच्या नावापुढचा गोल काळा केला.

जनार्दन वाकलेलाच राहिला. साहेबांनी वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली, पुरे दोन-तीन क्षण, आणि मग साहेबांनी कागद घडी घालून पाकिटात सरकवला.

"चला, सही!" मॅडम म्हणाल्या. "कुरियरवाला पाच वाजता बंद करतो."

पेन हातात होतं. मला दिसलं नाही, असं लिहून द्यायचं होतं, आणि दिसलं तर होतं! सही करत नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. जनार्दननं दोन्ही पाकिटांवर सही केली. आयुष्यात पहिल्यांदा निवडणुकीच्या कागदावर सही केली, आणि तीही थोडी खोटी. मग त्यानं मनाशी ठरवलं की हे आपण जन्मात कुणाला सांगायचं नाही. न सांगितलेलं ते न पाहिलेलं. ही सही खरी करायचा तेवढा एकच मार्ग त्याच्यापाशी उरला होता.

सहीखाली पत्ता लिहायचा होता. घाबरलेल्या माणसाला शाळेत शिकवलेलं आठवतं. अर्जावर पत्ता लिहायचा तो कायमचा, आणि मायबोलीत, असं गुरुजींनी घोटून घेतलं होतं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं: मु. पो. कोंडशेत, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. मॅडमनी बघितलंसुद्धा नाही. पाकिटं उचलली आणि गाडी काढली.

निकाल लागला. बहीण एका मतानं पडली. हजारो मतांत एका मतानं! तिसऱ्या दिवशी तिकडच्या कचेरीचा ईमेल आला, की तुमची दोन्ही मतं मोजलेली नाहीत, साक्षीदाराचा पत्ता वाचता येत नाही. सोबत पाकिटांचा फोटो होता. मॅडमनी तो जनार्दनसमोर धरला. त्या पडद्यावर जनार्दनचंच वळणदार अक्षर होतं.

"आपली दोन मतं," मॅडम म्हणत होत्या. "दोन मतं मिळाली असती तर ती एकानं निवडून आली असती."

त्या त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच वाईट झालं. चूक माझीच, मी पाकीट तपासायला हवं होतं, म्हणून त्या स्वतःलाच खात सुटल्या. बहिणीनं फोन घेणं बंद केलं. मॅडम शाळेतून येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या. पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच परत यायचं.

आणि जनार्दनला हिशेब कळत होता. एक मत बहिणीला, एक तिच्याविरुद्ध. दोन्ही मोजली असती तरी ती एका मतानंच पडली असती. ना मॅडमची चूक, ना त्याच्या पत्त्याची. एवढं एक वाक्य बोललं की मॅडम सुटतील, तोही सुटेल. पण ते वाक्य त्याचं नव्हतंच, ते साहेबांचं होतं. आज बोलतील, उद्या बोलतील, म्हणून तो वाट बघत राहिला. साहेब बायकोच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि "असू दे, असू दे" म्हणत होते. आपली बायको डोळ्यांदेखत झुरते आहे आणि हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो! जनार्दन हबकला होता. चुकीचा गोल काळा झाला त्या दिवशीसुद्धा तो इतका हबकला नव्हता.

शेवटी साहेब एकटे स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यानं धीर केला. "साहेब, टेल मॅडम. प्लीज."

साहेबांनी दार लोटलं. "तिकडे माझ्या बापाची जमीन आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पट्टी वाढली तर विकावी लागेल. आणि मला वाटलं, ती आरामात निवडून येतेय. माझ्या एका मतानं काय होणार होतं?"

"टेल मॅडम, साहेब."

"तू सांगणार आहेस?"

"मी काय पाहिलंच नाय, तर सांगू काय?" जनार्दन मराठीतच बोलून गेला. साहेबांना शब्द कळले नाहीत, पण मान नकारार्थी हललेली दिसली. ते सुटकेचा श्वास टाकून निघून गेले. त्यांची ती सुटका बघून जनार्दनला शिसारी आली.

आठवड्यानं मॅडमनी रजेचा अर्ज लिहायला घेतला. शाळेत उभं राहवत नाही म्हणाल्या. त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसलेले असताना जनार्दन वाढणं ठेवून समोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमची मिस्टेक नाही. तुम्ही मला सांगितलं होतं. इंग्लिशमध्ये लिही, व्हिलाचा नंबर लिही. मीच ऐकलं नाही."

मॅडमनी मान वर केली. "मी सांगितलं होतं?"

"यस मॅडम. टू टाइम्स."

त्या आठवू लागल्या. माणसाला जे हवं असतं ते आठवतंच. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला, आणि पाठोपाठ संताप आला. "आणि तू हे आत्ता सांगतोस? इतके दिवस मला हे भोगू दिलंस?"

जनार्दननं साहेबांकडे पाहिलं. आता तरी! आता तर माणूस दगड असला तरी बोलेल, अशी त्याची खात्री होती. साहेबांनी पावाचा तुकडा मोडला, त्याला लोणी लावलं, आणि खाल्ला.

"महिनाअखेर," मॅडम म्हणाल्या. "मला आता तुझ्या हातचं जेवण जायचं नाही."

अकरा वर्षं, आणि खलास. रशीदनं धावपळ करून वाडी कबीरच्या कँटीनवाल्या अर्बाबाशी, म्हणजे मालकाशी, बोलणं केलं, म्हणून गावी जायची पाळी टळली. "पत्ता चुकला म्हणून माणूस काढतात?" रशीद तणतणला. "तू काय बोललास का न्हाय?" जनार्दन सामान बांधत राहिला. इलेक्शन पाडल्याची गोष्ट रशीदनंच कौतुकानं गॅरेजभर केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

दोन वर्षं गेली. परवा, दुपारची गर्दी ओसरल्यावर, कँटीनच्या दारात साहेब उभे. केस पिकलेले, हातात पाकीट. जनार्दननं शेगडी बारीक केली.

"ती पुन्हा उभी आहे," साहेब म्हणाले. "मॅडमनी शाळेतल्या बाईंची सही घेतली. मला मात्र तूच साक्षीदार हवास."

जनार्दननं कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं. खुर्ची घेतली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि साहेबांकडे पाठ करून बसला. भिंतीवर तेलाचे डाग होते. तो ते बघत राहिला. मागे पेन कुरकुरलं.

"झालं," साहेब म्हणाले. "वळ ना, जनार्दन. या वेळी मी कुणाला दिलंय ते बघ. प्लीज. कुणीतरी बघायला हवं."

"नको, साहेब."

"फक्त एकदा."

"मला नको," जनार्दन भिंतीलाच बोलला. "मॅडमना दाखवा. आणि मागचं सांगा. पयलं मागचं."

साहेबांचा चेहरा कसा झाला ते त्यानं पाहिलं नाही. घडी घातल्याचा आवाज आल्यावरच तो वळला. सही केली आणि खाली पत्ता लिहिला: वाडी कबीर, इमारतीचा नंबर, रस्त्याचा नंबर, सगळं इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं. दोनदा तपासून पाकीट परत दिलं.

साहेबांनी पाकिटाची कड ओली करायला बोट ओठांशी नेलं आणि तसंच खाली घेतलं. पाकीट उघडंच ठेवून ते गाडीत जाऊन बसले. कुरियरचं दुकान रुवीच्या बाजूला, डावीकडे. साहेबांनी गाडी उजवीकडे वळवली, घराकडे.