काळी तोरणमाळचा घाट चढते का, ते बघायला गेलो

तोरणमाळला लोक थंड हवा खायला जातात. आम्ही गाडीची परीक्षा घ्यायला गेलो होतो.

आमच्या शहादा भागात जुन्या विलायती गाड्या ठेवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. गाड्या सहा, मालक सहा आणि अक्कल शिकवणारे साठ. या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या तिकडे विलायतेत कधीच बंद पडल्या. गाड्या इकडे चालू आहेत. म्हणजे असतात अधूनमधून. उन्हाळ्यात त्यांना ऊन सोसत नाही, पावसाळ्यात सीटवर बुरशी येते. म्हणून फिरायचं ते दिवाळी ते होळी. त्याआधी नियम असा, की प्रत्येक गाडीने तोरणमाळचा घाट आपल्या चाकांवर चढून दाखवायचा. चढली तर हंगामाच्या यादीत नाव. ट्रॅक्टरने ओढली तर वर्षभर घरी.

आमची काळी दोन वर्षं घरी होती.

काळी सासऱ्यांची. मंडळ पण त्यांनीच काढलं. ते होते तोवर ती घाट चढायची, कुरकुरत का होईना. ते गेले आणि त्याच वर्षी ती घाटात उकळली. पुढच्या वर्षी परत उकळली. गंमत म्हणजे गावात, शेतरस्त्याला, शहाद्याच्या बाजारापर्यंत कितीही फिरवा, तापत नाही. मग आमच्या लोणखेड्यात लोक म्हणायला लागले, धनी गेला, गाडी झुरते. मी म्हटलं, गाय झुरते, म्हैस झुरते. लोखंड झुरत नाही, लोखंड गंजतं. पण आमच्या ह्यांना ते झुरणं पटलं. ह्यांनी गुजरातेतल्या एका लग्नाच्या हॉलवाल्याला शब्द देऊन टाकला, की यंदाही चढली नाही तर घेऊन जा. तो तिला ओट्यावर उभी करणार, लायटिंगच्या माळा सोडणार आणि तिच्यापुढे नवरा-नवरीचे फोटो काढणार. शनिवारी परीक्षा. सोमवारी त्याचा फोन येणार.

"तुले काय फरक पडस?" हे मला म्हणाले.

मला पडतो. घरात ट्रॅक्टर आहे, तो खत वाहतो. पिकअप आहे, ती केळी वाहते. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. काळी एकटीच अशी आहे, की तिच्यात नुसती माणसं बसतात. ती यादीत असली तर मी वर्षातून तीनदा कुठेतरी जाते. नसली तर माहेरी रनाळ्याला, आणि तेही कोणी गेलं तरच. यंदाच्या यादीत सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, मग सापुतारा आणि शेवटी गुजरातेतल्या तिथल गावचा समुद्र. मी समुद्र बघितलेला नाही. त्यावाचून काही अडलं नाही, पण गाडी जाणार असेल तर मी घरी का बसू?

गुरुवार-शुक्रवार तयारी. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हे नीट वाचा, नसेल तर पुढे जा. पहिलं काम उंदीर. सहा महिने उभ्या गाडीत उंदराने सीटच्या कापसात घर केलेलं असतंच. ते काढा, मग वायरी बघा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासा. ग्रीस भरा. ब्रेक बघा, कारण चढलेली गाडी उतरवायची पण असते. हे सगळं हनीफभाई मिस्त्री बघतात. ते काळीचे डॉक्टर. दोन वर्षांत त्यांनी रेडिएटर दोनदा धुतला, पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. यंदा सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं, "काय वाटतं?"

"गाडी चोख आहे, ताई."

"मग घाटात का तापते?"

"हवा कमी पडते," ते म्हणाले आणि हात पुसायला निघून गेले. वर्षाला एवढंच सांगतात. मला राग आला. डोंगरात हवा कमी पडते म्हणजे काय, हिमालय आहे का तो?

शनिवारी सकाळी सातला मंडळाचे अध्यक्ष दगाजी नाना यांच्या खळ्यावर जमलो. नाना सासऱ्यांचे जिवलग. पूजा तिथेच. बोनेटला कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ आणि हार. पाच गाड्यांना साधे हार. काळीला मानाचा हार, कारण मंडळ काढणाऱ्याची गाडी. सासरे गेल्यापासून नानांनी हा मान सुरू केला. आपल्या शेतातला झेंडू ते स्वतः तोडतात, स्वतः ओवतात. हार कसला, गादीच म्हणा. हेडलाइटपासून हेडलाइटपर्यंत, वरून खाली चार पदरी. तो घरी परत येईपर्यंत काढायचा नाही.

निघालो. शहाद्यातच पेट्रोल भरा, वर पंप नाही. रोख पैसे ठेवा, वर मोबाइलला रेंज असेल-नसेल. शहादा, म्हसावद, राणीपूर असा रस्ता, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावदपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई, रस्ता बरा. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर चिडू नका. मी चिडले, काही उपयोग झाला नाही. राणीपूरला चहा प्या, दहा रुपये, आलं भरपूर. टपरीवाली बाई सहा गाड्या बघून बाहेर आली.

"नवरदेव कोठे शे?" तिने विचारलं.

"लगन नही, माय. परीक्षा शे," नाना म्हणाले.

"मंग नारळ कसाले?"

"पास व्हवाकरता."

तिने काळीच्या हाराकडे बघितलं. "हाई तर देवीनी पालखी दिखस," म्हणाली आणि कप धुवायला गेली.

राणीपूर सोडलं की चढ लागतो. हे चालवत होते, मी शेजारी, हनीफभाई मागे पाण्याचे दोन कॅन मांडीशी घेऊन. खाली दरी, वर सागाची झाडं, समोर वळण. लोक इथे गाडी थांबवून फोटो काढतात. आम्हीही थांबलो, पण काळीने थांबवलं म्हणून. दुसऱ्याच वळणावर काटा लाल झाला आणि बोनेटमधून वाफ सुटली. मी उतरून मागच्या चाकाखाली दगड लावला. बाकीच्या गाड्या पुढे थांबल्या आणि सगळे मालक चालत खाली आले. पोटं सावरत.

"पाणी टाकू नका आते, फुटी जाई," एक म्हणाला.

"पंपवर ओलं फडकं ठेवा," दुसरा.

"धनीनी याद ऊनी तिले," नाना म्हणाले आणि डोळे पुसले. हे पण मान खाली घालून उभे. मला दोघांचा सारखाच वैताग आला. अर्धा तास थांबलो, पाणी घातलं, निघालो. आणखी दोन वळणं झाली आणि परत वाफ. मागच्या वर्षी इथेच ट्रॅक्टर बोलावला होता. ह्यांनी खिशातून फोन काढला.

"कोणाले लावी ऱ्हायनात?" मी विचारलं.

"ट्रॅक्टरले."

मी हनीफभाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, "भाई, दोन वर्षं तुम्ही एकच सांगता, हवा कमी पडते. कुठली हवा? नीट सांगा, नाहीतर मी इथेच बसते."

हनीफभाईंनी हातातला कॅन खाली ठेवला. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, मग गाडीच्या तोंडाकडे बघितलं आणि झटकन दरीकडे बघायला लागले. मी पण गाडीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे तोंड नव्हतंच. झेंडू होता. गाडीच्या नाकासमोर गादी बांधून आम्ही तिला डोंगर चढायला सांगत होतो. सपाटीवर चालून जातं. चढावर इंजिन धापा टाकतं, तेव्हा समोरून हवा लागतेच.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"ताई, तुमचा देवाचा हार. मी काढला असता तर गाडी चढली असती आणि माझं दुकान बसलं असतं."

मी जाऊन हाराची गाठ सोडायला लागले. नाना धावत आले. "सूनबाई! मानना हार शे तो! घर गयावर काढतस!"

"नाना, मागे बांधू. मागून हवा लागत नाही."

"मान कधी मांगे ऱ्हास का?"

"डोंगरवर ऱ्हास."

मला वाटलं भांडतील. पण ते हाराची फुलं चाचपत राहिले. "मन्हा मुळे तापनी का वं ती? दोन वरीस?" एवढंच हळू विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "हाव." मग त्यांचं तोंड बघून पुढे म्हटलं, "तुमचा झेंडू चांगला दाट येतो." हे समजावणं झालं की नाही, मला माहीत नाही. पण हाराचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि मागच्या बंपरला बांधला.

आता हे चिडले. दोन वर्षांचं दुःख एका गाठीत सुटलं, हे कोणाला आवडेल? किल्ली माझ्या हातावर ठेवली. "इतलं समजस ते तूच चालव मंग."

"चालवस," मी म्हटलं.

मी ट्रॅक्टर चालवते. काळी अंगणात आणि शेतरस्त्याला चालवलेली. घाटात कधी नाही. इंजिन निवल्यावर पाणी भरलं, पहिला गिअर टाकला, हनीफभाईंनी दगड काढला. हे दगड हातात घेऊन मागून चालत, बंद पडली तर लगेच लावायला. पहिल्या वळणाला चाक एवढं जड, की म्हशीची शिंगं धरून वळवल्यासारखं. मी काट्याकडे बघतच नव्हते. हनीफभाई मागून सांगत होते, "अर्ध्यावर आहे. अर्ध्यावरच आहे." थोड्या वेळाने ह्यांनी दगड टाकून दिला. चालत गाठता येईना म्हणून दुसऱ्या गाडीत बसले.

काळी वर गेली.

तलावाशी गाडी लावली. तलाव मोठा आहे, पाणी शांत आहे, गार वारा आहे. बघून घ्या, छान आहे. मला आधी जेवायचं होतं. वांग्याचं भरीत आणि भाकरी सांगितली, ताटाला शंभराच्या आत, तिखट सांभाळून खा. जेवताना मंडळाची वही निघाली. एक मालक म्हणाला, "चढनी, पण चालवनारी बाई व्हती. सभासद रतूभाऊ शे." रतूभाऊ म्हणजे आमचे हे. ते भाकरीकडे बघत राहिले.

"नियममा काय लिखेल शे?" मी विचारलं.

नानांनी चष्मा लावून वाचलं. गाडी आपल्या चाकांवर चढली पाहिजे.

"मंग? बाईनं काही लिखेल नही ना?"

नानांनी वहीत लिहिलं, काळी, चढली. त्यापुढे चालकाचं नाव लिहायची जागा होती. नानांनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती जागा मोकळी सोडून वही मिटली.

मुक्काम करायचा असेल तर खोलीचं आधी ठरवून जा. आम्ही राहिलो, सकाळी सीताखाईची दरी बघितली आणि उतरलो. दरी खोल आहे, कठडा सोडून पुढे जाऊ नका. उतरताना हे चालवत होते. ब्रेक चांगले लागले.

सोमवारी हॉलवाल्याचा फोन आला. हे ओट्यावर होते, मी आत कांदा चिरत होते. "गाडी चढनी," ह्यांनी सांगितलं. तिकडून तो काहीतरी जास्त देतो म्हणत असावा. "नही भाऊ. ती फिरी ऱ्हायनी आते," म्हणाले आणि फोन ठेवला. मला सांगायला आत आले नाहीत. मी पण बाहेर गेले नाही. कांदा बराच चिरून झाला.

लोक विचारतात, तोरणमाळला काय बघितलं. तलाव, दरी, सागाची झाडं सांगते. खरं म्हणजे मी चौदा-पंधरा वळणांचा डांबरी रस्ताच बघितला आणि तो मला अजून पाठ आहे. आणखी एक, नानांसारखा माणूस चार पदरी माया बांधून ठेवतो, ती सोडवायला गेलात तर गाठीला हात हळू लावा. मी जोरात ओढली होती. पुढच्या वेळी नाही ओढणार.

मंगळवारी सकाळी टायरमध्ये हवा भरून आणायला मी काळी बाहेर काढली. सारंगखेड्याची यात्रा जवळ आली आहे. हे अंगणात आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेवरचा डाग धोतराच्या टोकाने पुसला. मग माझ्या शेजारचं, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. समोर बघत.

मी पहिला गिअर टाकला. बोलले असते तर उतरले असते.