चौघांच्या पटावर काकूंची खुर्ची

शिवणाच्या मशीनवर काकूंचा हात जितका सावध, तितकाच बुद्धिबळाच्या पटावर उतावळा. दोघांच्या खेळात त्यांचं ते खपून जायचं. चार चाली झाल्या नाहीत तोच वजीर बाहेर, वजिराला वजीर देऊन मोकळं व्हायचं आणि मग प्याद्यांवर डाव काढायचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मात्र चौघांचा पट मांडलेला असे. चार बाजूंना चार फौजा, जो तो उरलेल्या तिघांचा वैरी, ज्याचा राजा शेवटपर्यंत टिकला तो जिंकला. तिथे काकू बहुधा सगळ्यांआधी गारद.

वर्षाच्या शेवटच्या डावात जो आधी पडेल त्याने वर्षभर खुर्ची सोडायची, असा त्या खोलीचा रिवाज. आठवड्यातली ती एक संध्याकाळच काय ती काकूंची स्वतःची. ती गेली की होतीच भांडी, मशीन आणि नातवंडं.

यंदाच्या त्या शेवटच्या डावाच्या सकाळी देवापुढे हात जोडताना काकूंना एकदम उमगलं. चार जावांच्या घरात त्यांनी उभा जन्म काढला होता. दोघी भांडल्या की दोघींचीही तोंडं सुजायची आणि साय उरलेल्या दोघी खायच्या. "देवा रे, पटावर तरी वेगळं काय होतंय!"

संध्याकाळी त्यांनी एकेक प्यादं एकेक घर सरकवलं, घोडे आतल्या बाजूला घेतले आणि राजाभोवती दाटी केली. समोर बसलेल्या, पोस्टातल्या भाऊंच्या वाटेला गेल्याच नाहीत.

"काकू, वजीर आजारी आहे का?" डावीकडचा बेकरीवाला म्हणाला.

"विश्रांती घेतोय. तुझं बघ."

उजवीकडचे घड्याळवाले आजोबा मात्र काकूंची जुनी खोड ओळखून होते. उंटाचा जोर ठेवून त्यांनी आपला वजीर थेट काकूंच्या वजिरासमोर आणला. "घ्या काकू. वजिराला वजीर, फिट्टंफाट."

काकूंचा हात शिवशिवला. वजिराला बोट लागलंच.

"हात लागला! आता वजीरच हलवायचा!" आजोबा खुशीत ओरडले.

"हलवते की," म्हणत काकूंनी तो एक घर मागे घेतला.

आजोबांचा वजीर उघड्यावर राहिला, आणि त्यांची पाळी यायला अजून दोघे होते. बेकरीवाल्याने उंट देऊन तो उचलला, भाऊंनी हत्ती आत घुसवला. आजोबांचा राजा पळून पळून किती पळणार? काकूंच्या घोड्याने शेवटची वाट अडवली आणि मात झाली.

"असं दम धरून खेळायला कधीपासून लागलात हो?" आजोबांनी उठत विचारलं.

"आज सकाळपासून," काकू म्हणाल्या. डाव अजून तिघांत रंगायचा होता. त्यांनी आपली खुर्ची पटाजवळ ओढली. "वर्षभराने या आजोबा. मी इथेच बसलेली असेन."