मावशींची बदली

आमच्या वॉर्डातल्या मावशी कामाला निघताना नवऱ्याला आत ठेवतात आणि बाहेरून कुलूप लावतात. करणार काय? यजमानांना हल्ली काही आठवत नाही. एकदा दार उघडं राहिलं, तर चालत चालत पार पुलापलीकडे गेले होते. किल्ली मावशींच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. पेशंटची कूस बदलायला त्या वाकल्या की ती लोंबकळते.

म्हणून त्यांनी खालच्या धुलाईखात्यात बदली मागितली. तिथे अर्धाच दिवस काम. अर्ज मीच लिहून दिला. मी इथली हेड सिस्टर, जिभेची तिखट. पण मावशींपुढे माझंही काही चालत नाही. कुणाला चहा कोमट लागतो, कोण भिंतीकडे तोंड करून रडतं, हे त्या सांगणार आणि आम्ही सगळे तसं वागणार.

अर्जाला जोर यावा म्हणून आम्ही एक शहाणपणा केला. घरी जाणाऱ्या पेशंटकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात ना, त्यात मावशींबद्दल चांगलं लिहा, असं मी, डॉक्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांनी महिनाभर ज्याला त्याला सांगितलं. एरवी आमचं एकमेकांशी पटायची मारामार!

अभिप्रायांत आमचा वॉर्ड पहिला आला. आणि अर्ज परत आला. शेरा होता, 'यांच्यामुळे रुग्ण समाधानी आहेत. सोडता येणार नाही.'

मी कपाळावर हात मारला. एवढे शहाणे आम्ही, आणि धोंडा पाडला तो मावशींच्या पायावर!

"मावशी, चिडा की माझ्यावर," मी म्हटलं.

"तुमच्यावर चिडून कुलूप उघडणार आहे का, सिस्टर? आता वाईट लिहायला सांगा. बेल वाजली तरी म्हातारी हलत नाही म्हणावं."

"कोण विश्वास ठेवेल?"

"खरंच नाही हलणार मी."

तेवढ्यात सात नंबरची बेल वाजली. मावशी स्टुलावर बसून राहिल्या, मुठीत किल्ली आवळून. मी उठणार होते, पण मीही बसून राहिले. बेल पुन्हा वाजली. मग सात नंबरच्या आजोबांचा आवाज आला, "कुणी आहे का?"

मावशी ताडकन उठल्या.

"घरी हेही असंच विचारत असतील हो, दाराशी उभे राहून," म्हणाल्या, आणि डोळे पुसत सात नंबरकडे धावल्या.