नैऋत्येचा कोपरा

बिबवेवाडीच्या चढावर विजयमालाचं घर आहे. दोन वर्षांमागं त्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला आणि तो इतका रुंदावला, की पाली त्यातून सहकुटुंब ये-जा करू लागल्या.

"आई, टेकडीच सरकतीय," मुलगा विक्रम म्हणाला. "बिल्डरला देऊन टाकू. फ्लॅटमध्ये राहू."

"टेकडी सरकतीय, तर मग वरच्या अंगाचे लोक अजून आपल्या ओट्यावर कसे नाही आले?" विजयमाला म्हणाली. लग्न होऊन आली ती याच जागेवर, हलायचं तिच्या मनात नव्हतं. "आधी खालची माती बघा. मग काय ते ठरवा."

म्हणून माती तपासणारी ऋतिका आली. पायात गमबूट, हाताखाली दोन गडी. घराच्या चारी कोपऱ्यांना तिनं खड्डे घ्यायला लावले. तीन ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागला, मुरमाखाली काळा कातळ. खड्ड्यात सळई उभी धरून वरून हातोडा हाणला, की ती टणकन उडायची. तो आवाज विजयमालेला देवळातल्या घंटेसारखा गोड लागला.

मग उताराकडचा, नैऋत्येचा कोपरा. तिथं सळई शिऱ्यात चमचा जावा तशी आत गेली. खणलं तर विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती आणि एक डाव्या पायाची चप्पल.

"काका, इथं भराव कुणी घातला?" ऋतिकानं विचारलं.

विजयमालेचे यजमान गेनबा शेवग्याच्या झाडाकडं बघू लागले.

"अहो, बोला की! शेवगा नाही सांगणार."

"घर बांधताना वास्तूवाले म्हटले, नैऋत्य उंच पायजे, जड पायजे. आपला तर तिकडंच उतार. मग राडारोडा टाकून केली उंच."

"आणि जड करायला वर पाण्याची टाकी. खाली धान्याच्या कोठ्या, सासूबाईंचं लोखंडी कपाट!"

ऋतिकानं हसू दाबलं. "काकू, टेकडी जागची हललेली नाही. तीन कोपरे कातळावर आहेत. हा एकच खचतोय, त्याचा पाया कातळापर्यंत नेऊ. घर पाडायची गरज नाही."

विजयमालेनं पदर खोचला आणि लगोलग सगळ्यांसाठी चहा टाकला, जास्त साखरेचा.

टाकी वरच्या अंगाला हलवायची ठरली, तेव्हा गेनबा कळवळले. "ईशान्येला टाकीचं ओझं? घरात लक्ष्मी राहील का?"

"मी राहतीय, ते बघा आधी."

कोपऱ्याला टेकू देऊन खालचा भराव थोडा थोडा उपसला, कातळापर्यंत काँक्रीट भरलं. तडा बुजवून त्यावर ऋतिकानं काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. अख्खा पावसाळा विजयमाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ती काच दाखवत होती, जणू नातवाचा फोटोच.

दसऱ्याला तिनं सगळी गल्ली जेवायला बोलावली आणि पंगत मुद्दाम त्याच कोपऱ्यातल्या खोलीत बसवली. वाढताना विक्रमचा डोळा भिंतीवर.

"आई, काच शाबूत आहे."

"मग बघतोस काय? सगळ्यांना एकेक पुरणपोळी अजून वाढ."