कोपरेचाचांचा डावरा

कोणतीही वस्तू हातात आली की कोपरेचाचा आधी तिचे चार कोपरे बघत. मग ती रुग्णाची फाइल असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर कँटीनमधलं सँडविच. समोशाला तीनच कोपरे असतात याचं त्यांना मनातून वाईट वाटत असावं. रियाधच्या आमच्या हॉस्पिटलात मी लॅबमध्ये रुजू झाले, त्याच आठवड्यात एक फॉर्म घेऊन रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी गेले. आत पांढऱ्या दाढीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बसला होता. त्याने फॉर्म दोन बोटांनी उचलला, उजेडाकडे धरला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "कोना मुडा हुआ है।" मी मराठीत पुटपुटले, "आता कोपऱ्याला काय चाटायचंय?" त्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. "मराठी काय गो तू? मग पयलं सांगायचं नाय?" दाभोळच्या खाडीकाठचं आपलं गाव, घरातली माणसं, सगळं त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं. फॉर्म मात्र माझ्याकडून नवाच भरून घेतला.

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीपलीकडे कुठे वापरात नव्हतं. सगळं हॉस्पिटल त्यांना कोपरेचाचा म्हणे. केरळच्या नर्सेसना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, पण त्याही तसंच म्हणत. हे कोपऱ्यांचं वेड फायलींमुळे लागलं असेल असं मला वाटे. खरं कारण त्यांच्या कपाटात, बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत होतं. त्यात अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं होती. तळहाताएवढा पुठ्ठा, पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याची कामगिरी.

चाचा विशीत सौदीला आले ते दम्मामकडच्या एका वसाहतीत साफसफाईला. तिथलं एक अमेरिकन कुटुंब गाशा गुंडाळून निघालं, तेव्हा मडमेने नवऱ्याच्या लहानपणीचे हे डबे कचऱ्यात टाकायला यांच्या हातात दिले. टाकायच्या आधी यांनी झाकण उघडलं. "एवढी चांगली तोंडं," ते मला म्हणाले, "कचऱ्यात कशी टाकू गो?" पुढे कुणाच्या तरी घरी रद्दीत या कार्डांच्या भावाचं एक पुस्तक मिळालं, आणि चाचांना कळलं की एका पुठ्ठ्याला बकरा येतो आणि तसल्याच दुसऱ्याला पावाची लादीसुद्धा येत नाही. हे असं का, याचा अभ्यास त्यांनी पुढची तीस वर्षं केला. गंमत म्हणजे तो खेळ त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता. मी नियम विचारले तर म्हणाले, "दांडू मारायचा आन् पळायचं. फिरून घरला पोचला तर रन. बाकीचा सगळा टाइमपास."

पुढची बारा वर्षं दुपारच्या जेवणाच्या सुटीत मी चहा करत असे आणि ते मला शिकवत. त्यांचा पहिला सिद्धांत होता आयांचा. "बाय, ही कार्डं लाखांनी छापली. मग गेली कुठं? पोरगा मोठा झाला, घराबाहेर पडला, आय झाडू घेऊन आली. खलास! ज्याची आय आळशी, त्याच्या कार्डाला भाव." एकदा आमच्याकडचे अमेरिकन दंतवैद्य फाइल मागायला आले आणि टेबलावरचं कार्ड पाहून जागीच थिजले. चाचांनी त्यांना विचारलं, "डॉक्टर, युवर मदर थ्रो?" सहा फूट उंचीच्या त्या माणसाने डोळे पुसत मान हलवली. त्यानंतर त्या दोघांची अशी दोस्ती जमली की दंतवैद्यांच्या फायली विनाफॉर्म मिळू लागल्या.

खेळाडूंची नावं चाचांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं होतं. एक होता मिशीवाला, एक तांडेल, एक मौलवी. मौलवी खेळायला तांडेलापेक्षा सरस, तरी कार्ड स्वस्त. मी कारण विचारलं. "मौलवी चांगला माणूस. टायमावर घरी, दारू नाय, भांडण नाय. त्याच्याबद्दल बोलणार काय लोकं? आन् हा तांडेल अंपायरच्या अंगावर गेला, दोन बायका केल्या, ऐन भरात मेला. ह्याला भाव येणारच गो." शिवाय तांडेल मोठ्या शहराच्या संघात होता आणि मौलवी कुठल्याशा आडगावच्या. "न्याय नाय हाय ह्याच्यात," चाचा म्हणत, "बाजार हाय."

ज्यांना कसलाच भाव नव्हता अशी कार्डं सगळ्यांत जास्त होती. पुस्तकात त्यांना 'कॉमन' म्हणतात. चाचा ती आम्हाला वाढदिवसाला भेट देत, आणि देताना माणूस बघून देत. मला मोठ्या कानांचा, घाबऱ्या डोळ्यांचा एक गडी मिळाला. "तुझ्यासारखा हाय. कामसू. सोळा वर्षं खेळला, कुनाच्या ध्यानात नाय." याला कौतुक म्हणायचं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि डब्यांत न ठेवता वेगळ्या पाकिटात, त्याच कपाटाच्या वरच्या खणात कुराणाशेजारी ठेवलेला एकच गडी होता. डावरा. डाव्या हाताने दांडू मारणारा, कोवळ्या वयाचा, कानावर टोपी सरकलेला. पुढे तो फार मोठा झाला, पण हे कार्ड त्याच्या पहिल्या हंगामाचं. पहिल्या कार्डाला सगळ्यांत जास्त भाव का, हे चाचांनी मला समजावलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला. "नवा माणूस कोन जपतो गो? हा कोन होनार ते तवा कुनाला ठावं असतंय? फेकून देतात. म्हणून जो उरला तो महाग." कोपरे चारही टोकदार, चित्र बरोबर मध्यावर, पाठ स्वच्छ. पस्तीस वर्षं दर दोन वर्षांनी दोन महिने गावी जाणाऱ्या या माणसाचा सगळा हिशेब त्या एका पुठ्ठ्यावर होता. "डावरा विकला की मी सुटलो. एक्झिट लावायची, कायमची, आन् सरळ घर." पण दर वर्षी कुठून तरी मिळवलेल्या नव्या पुस्तकात भाव चढलेला दिसे आणि चाचा म्हणत, "अजून एक वर्ष धरू."

शेवटी वेळ आलीच. हॉस्पिटलच्या सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चढल्या आणि रेकॉर्ड रूम रिकामी करायचा हुकूम निघाला. दंतवैद्य सुटीवर अमेरिकेला निघाले होते. ते कार्ड सोबत नेऊन जाणकारांकडून तपासून घेणार आणि तिथेच विकणार, असं ठरलं. पण त्यांच्या निघण्याला आठवडा होता, कपाट आजच उचललं जाणार होतं, आणि चाचांच्या खोलीत सहा माणसं, त्यातले दोघे रोज मासे तळत. त्यांनी ते पाकीट माझ्या हातात दिलं. "तुझं घर सोवळं हाय. जप गो बाय."

मी जपलं. कसं जपलं ते आता सांगायलाच हवं. आम्ही सांगलीचे, आणि आमच्या घराण्यात जपणं याचा अर्थ एकच. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली होती. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकाही लॅमिनेट झाली, आणि इथे आल्यावर इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, झेरॉक्सपासून धोब्याच्या दरपत्रकापर्यंत काही मी सोडलेलं नाही. तर तिसऱ्या दिवशी मी घरचं कपाट उघडलं आणि बघते तो वरच्या एसीचं पाणी खणात टपटपतंय. पाकिटापासून जेमतेम वीतभर लांब! मी पाकीट झटकन बाहेर काढलं. चाचा स्वतः कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात ठेवत, हे मी रोज पाहत होते. म्हणजे प्लास्टिक चांगलं. मग नुसतं सैल पाकीट कशाला, कायमचाच बंदोबस्त करू. नवरा म्हणाला, "त्यांना एकदा विचारशील का?" मी म्हटलं, "सरप्राइज आहे." दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या मशीनमधून डावरा गरमागरम बाहेर आला. चकचकीत, ताठ, चारही कोपरे जन्मभरासाठी बंदिस्त. मी त्याच्यावर हात फिरवला आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दंतवैद्यांच्या खोलीत मी तो दोघांच्या पुढ्यात ठेवला. दंतवैद्यांच्या तोंडून एक असा शब्द निघाला जो मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकला नव्हता. मग ते खुर्चीत बसले, रुग्णाच्या. दंतवैद्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की प्लास्टिक आता पुठ्ठ्याला वितळून चिकटलंय, सोलायला गेलं तर चित्रच सोलून निघेल, आणि अशा कार्डाला कुणी काही देत नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडायला लागले. पगारातून फेडीन म्हणाले. चाचांनी कार्ड उचललं, सवयीने उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "कोपरे मस्त हायत." एवढं बोलून ते उठून गेले.

चार दिवस ते लॅबकडे फिरकले नाहीत. रिकाम्या रेकॉर्ड रूममध्ये एका खुर्चीवर बसून असत. मी घरी स्वयंपाकात मीठ विसरत होते आणि नवरा मुकाट्याने जेवत होता. पाचव्या दिवशी ते लॅबच्या दारात आले. "बाय, मी एक्झिटचा फॉर्म भरला," म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, माझ्यामुळे?" ते म्हणाले, "आता इथं थांबून काय वाढायचंय?" त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. विमानतळावर मी भाकरी-चटणीचा डबा दिला, त्यांनी तो घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता आत गेले. घरी परतताना मला सारखं वाटत होतं की एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी मी इस्त्रीखाली घातली.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. "तू लॅबवाली काय गो? मी तुझ्या चाचांच्या घरातनं बोलतांय. ते नमाजला गेलेत, म्हणून म्हटलं बोलून घेऊ." मी माफी मागायला सुरुवात केली, पण तिने मला बोलूच दिलं नाही. "माफी कसली? तू माजी सवत भाजलीस! वीस वर्षं झाली, दर साली हेच. डावऱ्याचा भाव चढतोय, अजून एक वर्ष थांब. मी अल्लाकडं मागायचे, त्या कार्डाला वाळवी लागू दे. तुझे हात सलामत रावू देत." आणि ती इतकी हसली की मीही रडता रडता हसायला लागले.

मग तिने आवाज हळू केला. "एक इचारायचं व्हतं. लाज वाटते, पन तुलाच इचारतांय. निका झाल्यापासून सगळं मिळून तीन वर्षं पन एकत्र नाय रावलो आमी. आन् ते कशाला नाय म्हनत नायत, देईन ते खातात. तिथं च्यात साखर किती घ्यायचे?"

बारा वर्षं रोज दुपारी त्यांचा चहा मी केला होता. "अडीच चमचे," मी म्हटलं.

पलीकडे कपात चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"मी एकच घालत व्हते गो," ती म्हणाली. "ते काय बोललेच नायत."