आधी ठकूमावशी प्यायची

ठकूमावशीच्या मेंढ्या तिच्या आधी कधी पाणी प्यायल्या नाहीत. चिकलठाण्याच्या पलीकडं माझं माहेर, शेताखाली सुखना नदी. कळप काठाला आला की मावशी काठी आडवी धरून सगळ्यांना मागं थोपवायची. स्वतः उकिडवी बसायची, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन दोन्ही गालांत खेळवायची आणि गिळायची. मग तिनं तोंडानं 'हुर्रर्र' केलं की मेंढ्या पाण्यावर तुटून पडायच्या.

"अगं, जनावराला कळतं की पाणी कसलं आहे ते," मी एकदा म्हणाले.

"त्याला निस्ती तहान कळती," ती म्हणाली. "पाजणाऱ्यानं आधी प्यावं. मह्या सासऱ्यानं हेच शिकिवलं. दुसरं काईच शिकिवलं नाय मेल्यानं."

उन्हाळ्यात वडील तिचा कळप आमच्या मोकळ्या रानात खतासाठी बसवून घेत, म्हणून आमची तिची ओळख. धनगराची विधवा, हाडं तेवढी शिल्लक, आणि तोंड असं की गावातले टगेसुद्धा वाट सोडून चालायचे. एकुलता एक मुलगा सोपान. त्याला मेंढ्यांच्या वासाची लाज वाटायची. मावशी तंबाखू खात नसे, चहा पीत नसे, भाजीत मिरची घालत नसे. जीभ खराब झाली तर कळप कुणाच्या भरवशावर पाजायचा, हा तिचा सवाल.

कारखाने वाढले तशी नदीची चव रोज बदलायला लागली. नदीत कपडे धुणाऱ्या बायकांच्या बोटांची सालपटं निघायची. आमच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं. मावशी एक घोट घेऊन थुंकायची आणि सांगायची, "आज साबण हाय," नाहीतर "आज गंज हाय." मग तेवढ्या उन्हात कळप वळवून लांबच्या पाझर तलावावर न्यायची. वडील चिडवायचे, "ठकू, तुझी जीभ कापून सरकारनं तपासणीला न्यायला पाहिजे."

"न्या की. मंग तुमाला शिव्या कोण दील, पाटील?"

त्या वर्षी तलाव आटला. मी चार दिवस माहेरी आले होते. मेंढ्यांना आदल्या दिवसापासून पाणी नव्हतं, माना खाली घालून चालत होत्या. पाऊस नाही, काही नाही, आणि पुलाखालचा डोह मात्र एका रात्रीत भरलेला. पाणी नितळ. अलीकडं इतकं नितळ पाणी त्या नदीत कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनं ओंजळ तोंडात घेतली. खूप वेळ खेळवली. गिळली. आणखी एक घेतली.

"गोड हाय गं," ती मला म्हणाली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. "पी म्हणलं तर तू पिशील, आसं हाय."

कडू असलं, खारट असलं, जीभ भाजली, तर पाजायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. गोड पाण्याला भ्यायला तिला कुणीच शिकवलं नव्हतं. तिनं काठी बाजूला घेतली.

दुपारी मेंढ्या दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खायला लागल्या. एकमेकींवर आदळायच्या, गुडघ्यावर पडायच्या, दात खायच्या. दातांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मावशी स्वतः ओकत होती आणि ओकता ओकता एकेकीच्या तोंडात ताक ओतत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळा कळप आडवा झाला. डोहाच्या काठाला टिटव्या मरून पडल्या होत्या, मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि गावातली शहाणी माणसं ते मासे टोपल्यांत भरून घरी नेत होती.

जनावरांच्या डॉक्टरच्या आधी मोटारसायकलवरून खाटीक आला. "मावशी, धुगधुगी हाय तवर सांग," म्हणाला.

"कुणाच्या लेकराला घालशील रं हे?" मावशी म्हणाली आणि त्याच्यावर काठी घेऊन धावली. धावताना पडली. तो हसत हसत निघून गेला. मग ती मेलेल्या मेंढ्यांजवळ कुत्री हाकत बसली, खड्डा खणून होईपर्यंत. तरी दोन कुत्र्यांनी लचके तोडलेच. ती दोन्ही कुत्रीही मेली.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांच्या आधी, सोपान रोजंदारीवर जायचा त्या कारखान्याचा माणूस त्याला भेटून गेला होता. सोपान आईपुढं हात जोडून बसला. "माय, मेंढरं तर गेलीच. रोग आला व्हता म्हण, मला कायम करत्यात. दोन शब्द बोलायचेत फक्त."

ती माझ्याकडं, वडिलांकडं बघत राहिली. वडील म्हणाले, "ठकू, खरं सांग, मी आहे." पण पोटचं पोर पायाशी बसलेलं. साहेबांनी विचारल्यावर ती म्हणाली, "रोग आला व्हता." साहेबांनी मान डोलावली, डोहाकडं पाहिलंसुद्धा नाही, गाडीत बसले. मला त्या सोपानचा असा संताप आला की काय सांगू. तो संताप अजून गेलेला नाही.

संध्याकाळी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली. "ही जीभ मह्यावर दोनदा उलटली," म्हणाली. बस्स, एवढंच. त्यानंतर तिनं कधी कुणाला शिवी दिली नाही. ती मिरची खायला लागली, चहा प्यायला लागली, मिठाचं पाणी झालेलं कालवण निमूट खायची. पुढं अंगाला सूज चढली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली. का गेली, हे विचारायला घरात कुणाला सवड नव्हती. सोपान कारखान्यातच होता, सांडपाण्याच्या टाक्यांवर.

ती शेवटच्या घटका मोजतेय कळल्यावर मी सासरहून, उस्मानपुऱ्यातून, रिक्षानं गेले. सोपान कामावरून तसाच आला होता, निळ्या कपड्यांत. मावशीनं ओठ हलवले, "पानी." त्या दिवशी टँकर आला नव्हता. सोपाननं घाईघाईनं बोअरच्या बादलीतून फुलपात्र भरलं आणि तिच्या ओठांशी नेलं.

तिनं ओठ मिटले. डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं.

"आधी तू पी," म्हणाली.

सोपाननं फुलपात्र तोंडाकडं नेलं आणि तिथंच थांबला. टाक्या कुठं रिकाम्या होतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं पाण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फुलपात्र खाली ठेवलं. तो जालना रोडवरच्या दुकानाकडं पळाला. मावशी त्या ठेवलेल्या फुलपात्राकडं बघत होती. मी तिचा हात धरून बसले. पाण्याचा तेवढा घोटही मला तिला देता येईना.

तो विकतची बाटली घेऊन धापा टाकत आला तोवर ती गेली होती.

सोपाननं बाटलीचं झाकण उघडलं. आधी स्वतः एक घोट घेतला, गालांत खेळवला, गिळला. मग आईच्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून उशीत गेलं.